घरपट्टीवरून अर्ज बाद केला, आता हायकोर्टात जाऊन उपयोग होतो का?

खाडीपलीकडचा

मंडळी नमस्कार. जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा, आमच्याकडे दिवस कमी आहेत.

गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, खाडीकाठी. तालुका लिहीत नाही, लगेच ओळखू येईल. ग्रामपंचायतीच्या एका जागेची पोटनिवडणूक लागलीय, सर्वसाधारण महिला. आमच्या वहिनीने अर्ज भरला. बचत गट तीच चालवते, एप्रिल-मे मध्ये वरच्या वाडीची विहीर आटली की टँकरसाठी पंचायत समितीत खेटे घालणारी पण तीच, म्हणून वाडीतल्या बायकांनीच तिला उभी केली, आम्ही घरातल्यांनी नाही.

छाननीच्या दिवशी समोरच्या पार्टीने हरकत घेतली की यांच्या घराची घरपट्टी थकलेली आहे. आता घर कसं ते सांगतो. घर नंबर एकच, नाव अजून आजोबांचं, ते जाऊन २५ वर्षं होऊन गेली. चार भावांच्या चार चुली. दोन काका मुंबईला, त्यांच्या खोल्यांना कुलूप, गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. आमचा वाटा आम्ही दर मार्चला भरतो, पावत्या आहेत. मुंबईवाल्यांचा तीन वर्षांचा राहिला होता, सगळा मिळून २,३४० रुपये. आम्हाला हे कळलं अर्ज भरून झाल्यावर, दुसऱ्याच दिवशी जाऊन सगळे भरले आणि छाननीत पावती समोर ठेवली. तर अधिकारी म्हणाले आता उपयोग नाही, सामाईक घर आहे, तुम्ही सगळेच अपात्र. पाच मिनिटात अर्ज बाद. वहिनी काही बोलली नाही, पिशवीत कागद भरले आणि बाहेर येऊन वडाखाली बसून राहिली.

आणि दोनच अर्ज होते. म्हणजे आता समोरची बाई बिनविरोध. मतदानच नाही!! वाडीत दीडशेच्या वर मतदार, त्यांना कोण पाहिजे ते विचारलंच नाही कोणी.

एक जण म्हणतो आता कोल्हापूरला हायकोर्ट झालंय, अणुस्कुरा घाटाने चढलं की तीन-साडेतीन तासात पोचतो, स्टे आणा. तिकडच्या एका वकिलांनी ४० हजार सांगितले, ते बचत गटाच्या बायका जमवायला निघाल्यात. ते पैसे कोर्टात घालायचे की नाही, कोणीतरी खरं सांगा.

विरारचा_चाकरमानी

दादा अजिबात थांबू नका, लगेच जा. उमेदवाराचं नावच येऊ द्यायचं नाही ही कुठली लोकशाही. गेल्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या वेळी कोर्टामुळेच कितीतरी ठिकाणचं मतदान पुढे गेलं ना, मग तुमच्याकडे का नाही जाणार. पैसे कमी पडले तर सांगा, आमच्या मुंबई मंडळात शब्द टाकतो.

झाडाखालचा_वकील

वरच्या भावना समजतात पण वहिनींना पैसे घालू देऊ नका एवढं आधी सांगतो, मग कारण. मी रत्नागिरी जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो, या विषयातली बरीच मॅटर चालवलीत, काही हरलो पण आहे.

अर्ज बाद झाला म्हणून निवडणूक चालू असताना थेट हायकोर्टात रिट, म्हणजे अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध हायकोर्टात याचिका, हा रस्ता जवळजवळ बंद आहे आणि आजचा नाही, १९५२ पासून. तेव्हा मद्रास राज्यात सेलम जिल्ह्यातल्या नमक्कल मतदारसंघात पोन्नुस्वामी नावाच्या उमेदवाराचा विधानसभेचा अर्ज असाच छाननीत बाद केला, ते हायकोर्टात गेले, तिथून सुप्रीम कोर्टात. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निवडणूक म्हणजे नुसतं मतदान नाही, अधिसूचना निघाल्यापासून निकालापर्यंत सगळी एकच प्रक्रिया, आणि मध्येच कोणत्याही टप्प्यावर कोर्टाने हात घालायचा नाही, तक्रार असेल ती निकालानंतर निवडणूक याचिकेत मांडायची. ते संविधानाच्या कलम ३२९ वर होतं. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती आली, १९९३ ला लागू झाली, तिच्यात पंचायतींसाठी तसंच कलम घातलं, २४३-ओ. आणि जानेवारी २०२१ मध्ये, १५ तारखेला ग्रामपंचायतींचं मतदान होतं बघा, त्याच्या तोंडावर खूप जण तुमच्यासारखेच अर्ज बाद झाले म्हणून मुंबई हायकोर्टात गेले होते, तेव्हाही हायकोर्टाने हेच सांगितलं की २४३-ओ आडवं येतं, रिटमध्ये आम्ही बघणार नाही.

कोल्हापूरचं म्हणाल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी सिंधुदुर्ग त्यातच येतात, मुंबईची फेरी वाचली हे खूप मोठं काम झालं. पण रस्ता जवळ आला म्हणून कायदा बदलला नाही ना. तिथेही हेच ऐकायला मिळेल, की निवडणूक याचिका करा.

आता ती याचिका. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम १५. निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे, म्हणजे तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच. बिनविरोध असलं तरी निकाल जाहीर होतोच, ती तारीख लिहून ठेवा. १६ व्या दिवशी गेलात तर मुद्दा कितीही चांगला असू दे, संपलं. आणि ही याचिका फक्त उमेदवारच करू शकतो असं नाही, तिथे मतदानाचा हक्क असलेला कोणीही करू शकतो. वहिनींच्या सोबत वाडीतल्या एक-दोन बायका अर्जदार झाल्या तर चांगलंच.

तुमच्या केसचं मेरिट बघायचं तर काही गोष्टी विचारायच्या आहेत, संध्याकाळी लिहितो, आत्ता बोर्डावर मॅटर आहे.

खाडीपलीकडचा

वकीलसाहेब खूप आभार. पण मला एक समजत नाही, चूक झालीय हे आत्ता दिसतंय तर आत्ताच का नाही बघायचं? निकाल लागून ती बाई खुर्चीत बसल्यावर मग बघणार? घर जळून गेल्यावर बंब आणण्यासारखं झालं हे.

देवगडची_वाट

भावा मी आमच्याच भाषेत लिवतंय. आमच्याकडे २०२१ च्या इलेक्शनक माझ्या चुलत्याचो अर्ज असोच बाद केलेलो, घरपट्टी न्हय, अतिक्रमणाचो मुद्दो काढलेलो. तेव्हा आम्ही मुंबैक गेलो, दोन दिवस लॉजवर रवलो, वकिलाक पैशे दिले, आणि पयल्याच तारखेक अर्ज निकाली. जजसाहेबांनी शांतपणान ऐकून घेतल्यानी, पण सांगितल्यानी की खालच्या कोर्टात जावा. त्या धावपळीत आमचे १५ दिवस जवळजवळ संपत इले, तेराव्या दिवशी याचिका घातली. ह्यां महत्त्वाचां हा, हायकोर्टाच्या नादात ती मुदत घालवू नको.

पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. खालच्या कोर्टात आमचा निकाल लागला अडीच वर्षांनी आणि आमच्या बाजूने लागला. ती निवडणूक रद्द झाली. पण पाच वर्षातली निम्मी मुदत समोरच्याने काढलेली, तोपर्यंत काका थकले, त्यांनी परत अर्जच भरला नाही. तरी सांगतो, त्या निकालाचा कागद त्यांनी फ्रेम करून पडवीत लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात, की माझ्या अंगावर अतिक्रमणाचा डाग नव्हता. माणसाला तेवढं पण लागतं.

रेवदंड्याची_लेक

मी रायगडमधून, आमच्या ग्रामपंचायतीत एक टर्म सदस्य होते. खाडीपलीकडच्या दादांचा प्रश्न बरोबर आहे आणि मला त्याचं उत्तर अजून कोणी पटेल असं दिलेलं नाही.

नगरपरिषदेच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर तो जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करू शकतो, चार-पाच दिवसात निकाल पण लागतो. मग ग्रामपंचायतीच्या बाईनेच काय घोडं मारलंय? तिला अपील नाही, रिट नाही, फक्त निकालानंतर याचिका. शहरातल्या माणसाकडे वकील पण असतो, पैसा पण असतो, त्याला सोय आहे. आणि जिथे एका बाईला घराच्या उंबऱ्याबाहेर काढून उभं करायला अख्ख्या वाडीला महिना लागतो तिथे पाच मिनिटात एका शिक्क्याने सगळं संपतं. ५० टक्के जागा बायकांना दिल्या हे फार चांगलं झालं, पण कागद तपासताना असं दिसतं की घर आजोबांच्या नावावर, घरपट्टी दिरांच्या हातात, सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, म्हणजे जे तिच्या हातातच नाही त्याच्यावरून ती अपात्र. मला याचा अजून राग येतो.

आमच्या कोळीवाड्याचं तर विचारूच नका. पिढ्यानपिढ्यांची घरं, जागा सरकारी. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये ज-३ आहे ना, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर अपात्र. पूर्वी वाटायचं की ज्याने केलं त्याच्यापुरतंच आहे ते, पण २०१८ ला सुप्रीम कोर्टाने जानाबाईंच्या केसमध्ये सांगितलं की मूळ अतिक्रमण दुसऱ्याने केलेलं असलं तरी त्यात राहून ते पुढे चालू ठेवणारा घरचा माणूस पण अपात्र. कायदा म्हणून त्यामागचा विचार कळतो मला, जो गावची जागा बळकावतो त्यानेच गावची जागा कशी सांभाळायची. पण मासे सुकवायच्या ओट्यामागे पणजोबाने घातलेलं घर आणि हायवेला गाळा काढणारा, दोघांना एकाच मापाने मोजतात.

झाडाखालचा_वकील

ताई, तुमचा राग रास्त आहे आणि ग्रामपंचायतीला सुद्धा झटपट अपील असायला पाहिजे असं माझंही मत आहे. पण अपील असलं की काय होतं तेही आपण गेल्या डिसेंबरात बघितलं. २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं मतदान होतं, आपल्या कोकणातल्या पण बऱ्याच होत्या. काही ठिकाणी अर्जांवरची अपिलं वेळेत निकाली निघाली नाहीत, उमेदवारांना माघारीसाठी द्यायचे दिवस मिळाले नाहीत, म्हणून राज्य निवडणूक आयोगाने तिथलं मतदान २० तारखेवर ढकललं. मग प्रश्न आला की बाकीच्यांचे निकाल ३ तारखेला लावले तर २० च्या मतदानावर परिणाम होईल, तर नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी २१ ला एकत्र करा असं सांगितलं. अडीच आठवडे मशिनी स्ट्राँगरूमला आणि कार्यकर्ते बाहेर पहाऱ्याला. चाकरमानी दादा म्हणतात ते हेच. पण मतदान पुढे गेलं ते रिटने नाही, नगरपरिषदेच्या नियमातच अपील आहे म्हणून झालं. राज्यात हजारो ग्रामपंचायती आहेत, प्रत्येक वॉर्डात एक अर्ज बाद होणार, सगळे हायकोर्टात गेले तर निवडणुका होणारच नाहीत आणि प्रशासक बसून राहील. हे पण आपण भोगलंय ना, इतकी वर्षं जिल्हा परिषदेत आपला माणूसच नव्हता. त्यामुळे कोर्टाने मध्ये न पडण्यात अर्थ आहे. माझी तक्रार एवढीच की मग निवडणूक याचिका सहा महिन्यात संपवा, अडीच वर्षं कसली.

अजून एक. सुप्रीम कोर्टाने २००० साली अशोक कुमार प्रकरणात थोडी फट ठेवलीय, निवडणूक अडवण्यासाठी नाही पण ती सुरळीत व्हावी म्हणून किंवा एखादा पुरावा नष्ट होण्याची भीती असेल तर तो जपण्यासाठी कोर्ट मध्ये येऊ शकतं. तुमच्या केसमध्ये त्याची गरज दिसत नाही, पावत्या तुमच्याकडे आहेत.

आता मेरिट. कलम १४ मधलं थकबाकीचं पोटकलम लोक अर्धंच वाचतात. थकबाकी आहे म्हणून माणूस अपात्र होत नाही. आधी रकमेची मागणी व्हायला पाहिजे, बिल रीतसर बजावलेलं पाहिजे, आणि तिथून तीन महिन्यात भरलं नाही तर अपात्रता. त्याखाली स्पष्टीकरण आहे त्यात दोन गोष्टी आहेत. एक, अर्ज भरण्याच्या नेमलेल्या दिवसाच्या आधी पैसे भरले असतील तर अपात्र धरायचं नाही. दुसरी, एकत्र कुटुंबातल्या एकाने थकवलं, किंवा रिवाजाने मिळकत किंवा राहणं एकत्र असलेल्या गटातल्या एकाने थकवलं, तर सगळेच अपात्र.

तुमची अर्जानंतरची पावती पहिल्या गोष्टीत बसत नाही. स्पष्टच सांगतो, तिच्यावर भिस्त ठेवू नका, त्या बाबतीत अधिकारी चुकले असं मला म्हणता येणार नाही. पण बाकीच्या दोन ठिकाणी तुमची बाजू मजबूत असू शकते. बिल कोणाच्या नावाने निघालं, कोणाला दिलं, सही कोणाची? आजोबा वारल्यावर त्यांच्याच नावाने बिल काढून कुलूप लावलेल्या खोलीच्या कडीत अडकवलं असेल तर ते रीतसर बजावलं कसं म्हणायचं? आणि चार चुली आहेत म्हणता, मग एकत्र कुठे? रेशन कार्डं वेगळी आहेत का, लाइटचे मीटर वेगळे आहेत का, वाटपाचा कागद काही झालाय का, नुसता स्टँपवरचा तरी? नंबर एक आहे म्हणून कुटुंब एक होत नाही. हे छाननीत कोणी मांडलं का, आणि आदेशात कारण काय लिहिलंय, तो आदेश हातात आहे का?

विरारचा_चाकरमानी

मी काल भरात लिहिलं, वकीलसाहेबांनी नीट समजावलं त्याबद्दल आभार. पण वाचता वाचता पोटात गोळा आला, कारण ते कुलूप लावलेल्या खोलीवाले काका म्हणजे मीच आहे, दुसऱ्या गावचा एवढाच फरक. आमच्या घरी पण असंच, नंबर एक, नाव आजोबांचं, भाऊ गावी असतो. मला आजपर्यंत कधी बिल मिळालेलं नाही. गणपतीला गेलो की कडीत कसलेतरी ओले झालेले कागद अडकवलेले असतात, पावसात त्यातलं अक्षर लागत नाही, आम्ही केर काढताना ते पण काढतो. भाऊ कधी मागत नाही, मी कधी विचारत नाही. त्याच्या सुनेला उद्या उभं राहायचं असेल तर माझ्या चारपाचशे रुपयांपायी ती घरी बसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज ग्रामपंचायतीत फोन लावून एकूण किती आहे ते विचारलं, भावाला पैसे पाठवले, पावतीचा फोटो आला. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पण टाकतोय की गणपतीची वर्गणी देता तशी घरपट्टी पण आधी भरा.

रेवदंड्याची_लेक

चाकरमानी दादा, हे फार चांगलं केलंत. आम्ही आता गावात हेच करतो. निवडणुकीची नुसती कुजबूज सुरू झाली की ज्या बायका उभ्या राहतील असं वाटतं त्यांच्या घर नंबरचा उतारा काढतो, पूर्ण घराची बाकी बघतो, फक्त त्यांच्या वाट्याची नाही, आणि बाकी शून्यचा दाखला अर्जाच्या आधीच फाइलला लावतो. शौचालयाचा दाखला, जात पडताळणीची पावती, आणि आधी कधी निवडणूक लढवली असेल तर तेव्हाचा खर्चाचा हिशोब दिला होता का ते पण. हिशोब न दिल्याने अपात्र झालेल्या दोन बायका मला माहीत आहेत, दोघी हरलेल्या होत्या, त्यांना वाटलं हरलो तर कसला हिशोब.

दादा, वहिनींना म्हणावं खचू नका. आणि पुढच्या वेळी एकच अर्ज भरू नका, वाडीतून दुसऱ्या एका बाईचा पण अर्ज भरून ठेवा, पहिलीचा टिकला तर दुसरीने मागे घ्यायचा. मोठे पक्ष हे नेहमी करतात, आपल्यालाच सुचत नाही.

खाडीपलीकडचा

सगळ्यांचे आभार, दोन दिवस फिरत होतो म्हणून उशीर.

कोल्हापूर रद्द केलं. बायकांनी जमवलेले पैसे अजून वहिनीकडेच आहेत, तालुक्याच्या कोर्टासाठी लागतील तेवढे वापरायचे आणि उरलेले गटात परत, असं काल बैठकीत ठरलं.

आदेशाची नक्कल मिळाली, त्यासाठी तीन वेळा जावं लागलं. त्यात एकच ओळ आहे, "सामाईक घराची थकबाकी असल्याने अपात्र". बिल कधी बजावलं त्याचा एक शब्द नाही. ग्रामपंचायतीत बिल बजावल्याचं रजिस्टर मागितलं तर तिथे आमच्या घर नंबरसमोर तिन्ही वर्षं सहीची जागा कोरी आहे. फोटो काढू दिला नाही म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, आणि वकीलसाहेब म्हणतील तर कोर्टातूनच मागवू. लाइटचे मीटर चार आहेत. रेशन कार्डं चारही वेगळी, काकांची तर मुंबईचीच. वाटपाचा कागद नाही, पण १९९० च्या आसपास चुली वेगळ्या झाल्या हे सांगणारे शेजारचे आजोबा आहेत, वय ८४, कोर्टात यायला तयार आहेत.

वहिनीने परवा पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली मेंबर होवो न होवो, पण मी अपात्र होते असं सरकारी कागदावर राहता कामा नये. दोघी जणी तिच्याबरोबर सही करायला तयार झाल्यात.

निकाल उद्या जाहीर होतोय. मधल्या काकांना फोन केला, त्यांना खूप वाईट वाटलं, शनिवारी कोकणकन्येने येतायत, त्यांच्या रेशन कार्डाची झेरॉक्स घेऊन.

झाडाखालचा_वकील

कोरी सही हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा. ते रजिस्टर कोर्टातून मागवायचा अर्ज याचिकेसोबतच टाकायचा, नंतर नाही. काकांना सांगा झेरॉक्स नको, मूळ कार्ड आणा. उद्यापासून १५ दिवस मोजायचे पण आपण सातव्या दिवशी दाखल करू. वहिनींना घेऊन सोमवारी सकाळी या, अकराच्या आत, मग मी बोर्डावर अडकतो.